मऊ कडा

मोडताना आवाज फारसा झाला नाही. साच्यात ओतून घट्ट केलेलं रेझिन काचेसारखं खळ्ळकन फुटत नाही की लाकडासारखं कडाडत नाही. पकडीत छोट्या बोटीचं पुढचं टोक धरलं, मनगट जरासं वळवलं आणि वाळकी काडी मोडावी तसा टक् आवाज आला, एवढंच. मग सुकाणूची खोली, मग धुरांडं, मग मधोमध धरून अख्खा सांगाडा. एकेक तुकडा त्याने हिरव्या कापडावर नीट मांडला, टेबलावरच्या दिव्याची मान खाली ओढली आणि मोबाईलवर वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले. नियमच होता तसा. फोटो ग्रुपवर पाठवून त्याने मान वर केली, तर बायको दारात उभी. हातात त्याचा चहा, आणि नजर हिरव्या कापडावर.

“मोडलंत?”

“नकली होतं.”

“लेकीने पाठवलेलं होतं.”

“म्हणूनच तर मोडलं. फसवलंय तिला कोणीतरी. आता हे फोटो तोंडावर मारले की तो विकणारा निमूट पैसे परत करतो की नाही बघ.”

बायकोने कप टेबलाच्या कडेला ठेवला. “मी फोन करेपर्यंत उघडू नका म्हणून सांगितलं होतं तिने,” एवढं म्हणून ती आत गेली. तिची ही जुनी सवय होती. एखादं वाक्य टाकायचं आणि आपण निघून जायचं, म्हणजे मागे राहिलेल्याने त्या वाक्याबरोबर बसून राहावं. तो बसला नाही. त्याने चहा घेतला. सुट्टीची सकाळ होती, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, मोबाईलवर एकामागून एक शाबासक्या येत होत्या आणि त्याला अगदी बरं वाटत होतं. नंतर दिवसभर त्याला सगळ्यांत जास्त काय बोचलं असेल तर हे बरं वाटणं.

टेबल म्हणजे त्याच्या पोटापाण्याचंच टेबल. धंदा दातांचा. शहरातले दाताचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे ठसे त्याच्याकडे पाठवत आणि तो घराच्या या पुढच्या खोलीत बसून त्यांवरून कवळ्या नि कॅपा बनवी. आयुष्यभर त्याने साचे केले, साच्यांत ओतलं, ओतलेलं घासलं. एक गोष्ट त्याच्या बोटांत मुरली होती: साच्यातून निघालेली वस्तू मूळ वस्तूपेक्षा काही ना काही कमी भरतेच. कुठे केसभर आखूड होते, कुठे कोपरा बोथटतो. त्या निघालेल्या वस्तूचाच पुन्हा साचा केला तर आणखी कमी. नक्कल अशी पकडायची असते. ती कधी मोठी होत नाही, कायम आक्रसते. हे ज्ञान दातांच्या धंद्यात रोज वापरून गुळगुळीत झालेलं, पण छंदाच्या दुनियेत त्याने ते नेलं आणि तिथे त्याची चलती झाली. छोट्या प्रतिकृतींचे संच परदेशातल्या विकणाऱ्यांकडून मागवायचे, सुटे भाग जोडायचे, रंगवायचे, कपाटात मांडायचे, असा तो छंद. आणि मागवणाऱ्यांचा सगळ्यांत मोठा धाक म्हणजे चोरटे संच. कोणीतरी एक खरा संच विकत घेतो, त्याच्या भागांचे साचे करतो आणि ज्याने तो घडवायला वर्ष घातलं त्याला अंधारात ठेवून स्वस्तात विकत सुटतो. इंटरनेटच्या पानावर फोटो खऱ्याचा, डब्यात माल खोट्याचा. सुट्या भागांचा फोटो मागितला की विकणारा गप्प. असल्या लोकांना ओळखायला त्याने एक यादी लिहून ग्रुपवर टाकली होती. कडा बघा, बुडबुडे बघा, व्हर्नियर लावून लांबी मोजा, बुडाची सही बघा. आता कुठल्या कुठल्या गावांतले लोक ती यादी पाठ म्हणत. ग्रुपवर त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. तिथे तो ‘भिंग’ होता. भिंगाने सांगितलं म्हणजे विषय संपला, असं तिथे म्हणत. घरात त्याच्या कुठल्याच सांगण्याने विषय संपत नसे, त्यामुळे हे वाक्य त्याला फार आवडे.

आणि मोडण्याचा नियमही त्याचाच. नक्कल सापडली की ती जोडायची नाही, रंगवायची नाही, कोणाला द्यायची नाही. कॅमेऱ्यासमोर मोडायची, फोटो टाकायचे, विकणाऱ्याचं नाव टाकायचं. मग बाकीच्यांनी त्या विकणाऱ्याच्या पानावर जाऊन ‘चोर’ म्हणून लिहायचं. एकदा टाकलेली अशी नोंद काढायची नाही, हेही त्यानेच घालून दिलेलं, कारण विकणारे लोक मागाहून गोड बोलतात, आमिषं दाखवतात आणि माणसं विरघळतात. आपण विरघळणाऱ्यांतले नाही, याचा त्याला कोण अभिमान.

पण ही बोट वेगळी होती. मोठ्या जहाजांना दोरखंडाने ओढत बंदरात आणणारी बुटकी, रुंद पाठीची टगबोट. मुलगी लहान असताना दोघं याच टेबलाशी बसून एका परदेशी कारागिराची पुस्तिका चाळत असत. त्या पुस्तिकेत तिला हीच एक आवडे. कारण सुकाणूच्या खोलीत एक तांडेल होता आणि त्याच्या हातात कप होता. “बाबा, त्या कपात काय असेल?” “कपात काही नसतं. भरीव असतो तो.” “पण असलं तर?” “बोट आली की आपण दोघं मिळून करू, तेव्हा तूच बघ.” तेव्हा ती परवडण्यासारखी नव्हती. परवडायला लागली तेव्हा कारागिराने दुकान बंद केलं होतं, आणि मग जगभर नुसत्या नकलांचा सुळसुळाट. त्याने कितीतरी पाहिल्या, कितीतरी नाकारल्या. तांडेलाच्या हातातला कप प्रत्येक नकलेत थोडाथोडा वितळत गेलेला, शेवटीशेवटी तर मुठीला फोड आल्यासारखा. दरम्यान मुलगी मोठी झाली, शिकली, समुद्रापलीकडे नोकरीला गेली आणि बोटीचा विषय मागे पडला, असं त्याला वाटत होतं.

परवा तिचा निरोप आला होता, तोही आईच्या फोनवर. त्याच्याशी ती थेट फारशी बोलत नसे. बाबांना एक पार्सल येईल, मी फोन करेपर्यंत उघडू नये, आणि मी येतेय, चांगली लांब रजा टाकलीय, बाबांबरोबर एक काम आहे. कित्येक वर्षांनी येत होती ती. बायकोने त्या दिवशीच मुलीच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या. आज सकाळी पार्सल आलं आणि त्याने ते न उघडताच ठेवलंही होतं, अगदी शहाण्यासारखं. पण पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि त्याच्या डोक्यात घंटा वाजली. नाव त्या कारागिराचं होतं. ज्या माणसाने दुकान बंद केलं त्याच्या नावाने माल निघतो, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळावा! त्याने चिकटपट्टी कापली. आत बोट होती. कडा मऊ. कठड्याच्या खाली बारीक बुडबुडे, एका जागी तर गर्दीच. व्हर्नियर लावलं, लांबी केसभर कमी. बुडाशी कारागिराची सही कोरलेली, पण रेघ न् रेघ थरथरलेली. ‘सहीची नक्कल करतानाही चोराला धीर नव्हता,’ असं त्याने फोटोंखाली लिहिलं होतं. ते वाक्य लोकांना विशेष आवडलं होतं.

मऊ कडा. हे शब्द त्याच्या तोंडी इतके बसले होते की ते त्याने मुलीवरही कितीदा वापरले, याचा त्याला पत्ता नव्हता. निदान आज दुपारपर्यंत नव्हता. तिने मातीचा घोडा करून आणला, तो म्हणाला, कडा मऊ आहेत. निबंधात बक्षीस आलं, तो वाचून म्हणाला, चांगला आहे, पण धार नाही, कडा मऊ आहेत. ती ज्या मुलाशी लग्न करणार होती त्याला घेऊन जेवायला आली. तो बिचारा सगळ्याला हो म्हणणारा, हसरा. तो गेल्यावर याने दात कोरत म्हटलं, “नकली माणूस आहे. फोटो एकाचा, माल दुसऱ्याचा.” लग्न पुढे झालंच नाही. ते याच्या बोलण्यामुळे झालं नाही की आपोआप, हे कोणी बोललं नाही, पण त्यानंतर ती समुद्रापलीकडे गेली. त्याचं म्हणणं एवढंच होतं की डोळ्यांना दिसतं ते बोलू नये का? खोटं कौतुक करून मुलांचं वाटोळं करणारे बाप त्याने थोडे पाहिले होते? त्याने तिचं काय कमी केलं? वाकड्यातिकड्या दातांना तारेची प्लेट त्याने स्वतःच्या हाताने बनवून दिली होती. रात्री निजताना ती लावली की नाही ते तो बॅटरी घेऊन बघून येई. तेव्हा घेतलेल्या तिच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा अजून या टेबलावर होता, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. तिचं हसू सरळ केलं ते त्याने. डॉक्टरांनी नाही.

बायको आतून फोन धरून आली. “घ्या. बोला.”

पडद्यावर मुलगी होती. केस कापलेले, डोळ्यांखाली थोडं काळं, आणि हसत होती. आणि त्याला पहिल्यांदा काय दिसावं? खालचा एक दात पुन्हा आडवा झाला होता. प्लेट लावणं सोडल्यावर दात आपल्या जुन्या जागी परततात, किती वेळा सांगितलं होतं. ते त्याच्या ओठांवर आलं आणि कसंबसं आत गेलं.

“बाबा, आलं ना पार्सल?”

“आलं.”

“उघडलं नाहीत ना?”

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको फोनकडे पाहत होती. “उघडलं.”

“वाटलंच मला! दम कुठला तुम्हांला! बरं, बुडाला बघितलंत? सही?”

“बघितली.”

“त्यांचीच आहे. हात इतका थरथरतो हो त्यांचा. मी म्हटलं, राहू द्या, तर म्हणाले, बोट माझी आहे, सही मीच करणार. किती वेळ लागला माहितीय? जीभ बाहेर काढून करत होते, लहान मुलासारखे.”

“कोण?” तो म्हणाला. त्याला कळलं होतं कोण. तरी तो म्हणाला, “कोण?”

“अहो बाबा, तेच! पुस्तिकेतले! शोधून काढलं मी त्यांना. सोपं नव्हतं हं, गाव सोडून गेले होते. दुकान बंद, पण साचे अजून गॅरेजमध्ये होते. रबर पार कडक झालेलं. म्हणाले, एक निघेल फार तर, तीही आक्रसलेली निघेल, कडा नीट येणार नाहीत. तुझ्या वडिलांना चालेल का? मी म्हटलं, त्यांना कळेल पण चालेल.” ती पुन्हा हसली. “मग त्यांच्याने ओतवेना. ते खुर्चीत बसून सांगत होते आणि मी ओतत होते. बुडबुडे राहिलेत ना? ते माझे आहेत बाबा. त्यांना नावं ठेवू नका, मला ठेवा.”

टेबलावर हिरवं कापड होतं आणि कापडावर तुकडे, फोनमध्ये दिसणाऱ्या चौकटीच्या जेमतेम वीतभर बाहेर. बायकोने फोन इतका स्थिर धरला होता की तिच्या हाताला सवय असावी. बुडबुडे माझे आहेत. कठड्याखालच्या त्या गर्दीत तिने घाईने ओतलं असणार, किंवा म्हातारा काहीतरी गमतीचं बोलला असणार आणि ती हसली असणार आणि हात हलला असणार. हे सगळं त्या रेझिनमध्ये होतं आणि त्याने भिंगातून ते पाहिलंही होतं, मोजलंही होतं.

“बरं, कशी झालीय? खरं सांगा.”

खरं. आयुष्यभर तो खरंच सांगत आला होता, न विचारता सांगत आला होता. आज तिने विचारलं होतं. “छान झालीय,” तो म्हणाला.

“छान?”

“छान. अगदी छान झालीय.”

पडद्यावर तिची मान खाली गेली. त्याला वाटलं पकडलं. हिला आपणच शिकवलंय, ही पकडणार. पण ती बाहीने डोळे पुसत होती. “आई, ऐकलंस का? छान म्हणाले. बाबा, आयुष्यात पहिल्यांदा म्हणालात तुम्ही.” मग नाक ओढून, “दाखवा ना मला. जरा धरा समोर.”

“धुवून ठेवलीय,” तो म्हणाला. “रंगाआधी धुवावी लागते. वाळतेय आतमध्ये.”

“मग राहू दे. आणि मी येईपर्यंत हात लावायचा नाही हं! दोघांनी मिळून करायचीय. तांडेल मी रंगवणार. कपाच्या आत काय घालायचं तेही ठरलंय माझं.”

फोन बंद झाला. बायको तिथेच उभी राहिली. “वाळतेय,” ती हळूच म्हणाली, जणू त्या शब्दाची चव बघत होती, आणि आत गेली.

त्याने मोबाईल उचलला. ग्रुपवर शाबासक्या संपून पुढचं काम सुरू झालं होतं. ज्याने त्याने म्हाताऱ्याच्या जुन्या पानावर जाऊन चोर, भामटा, बंद दुकानाच्या नावावर धंदा करणारा, असं लिहिलं होतं, खाली त्याचे फोटो चिकटवले होते आणि लिहिल्याची खूण इथे आणून दाखवली होती. त्याने टाईप केलं: ‘चूक झाली. बोट अस्सल आहे. साचा जुना होता म्हणून तशी आली. कृपया थांबा.’ मग ग्रुप चालवणारा बोलला. खरं तर तो वकील, पण पार्सलं फार मागवतो म्हणून सगळे त्याला पोस्टमास्तर म्हणत. “भिंगकाका, ‘साचा जुना होता’ ही प्रत्येक चोराची पहिली सबब असते, हे तुम्हीच लिहिलंय.” खाली त्याचंच जुनं लिखाण चिकटवलेलं. त्याने लिहिलं की माझ्या मुलीने स्वतः ओतलीय, तिच्यासमोर सही झालीय. कोणीतरी हसणारा चेहरा टाकला. आणखी कोणी विचारलं की काका, पैसे परत मिळाले का, म्हणून मत बदललं का? मग लोकांनी त्याच्याच फोटोंवर गोल करून करून दाखवायला सुरुवात केली: इथे बुडबुडे बघा, इथे कडा, इथे सहीची थरथर. यादीतली प्रत्येक खूण जागच्या जागी होती. त्याने इतकी वर्षं ज्यांना बघायला शिकवलं ते अगदी बरोबर बघत होते. निदान नोंद तरी काढा, तो म्हणाला, हात जोडतो. पोस्टमास्तरने वकिलाच्या शांतपणाने उत्तर दिलं, “नोंद काढायची नाही, हा तुमचा नियम आहे. उद्या तुम्हांलाच वाईट वाटेल.”

त्याने स्वतः म्हाताऱ्याचं पान उघडलं. त्यावर माफी लिहायची होती, पण परक्या भाषेत शब्द जुळेनात. शब्दकोशात बघून एक ओळ जमवली. ती ओळ एखाद्या चोराने लिहावी तशी दिसत होती. तरी ती पाठवायला म्हणून त्याने बोट टेकवलं, तर पानच नव्हतं. हे पान आता उपलब्ध नाही, एवढं एक वाक्य. म्हाताऱ्याने थरथरत्या हाताने ते बंद केलं असेल, की घरच्या कोणी, हे कळायला मार्ग नव्हता.

ऊन टेबलावरून सरकून भिंतीला लागलं होतं. त्याला एकच आशा होती, आणि तिची त्याला लाजही वाटत होती. ती म्हणजे म्हाताऱ्याने मुलीला काही कळवू नये. हा ग्रुप तिला ठाऊक नव्हता. इतक्या जणांच्या शिव्यांत मूळ फोटो कोणी टाकला हे म्हाताऱ्याला काय कळणार? त्या साच्यातून एकच बोट निघाली होती, हे त्याने मनात येऊ दिलं नाही. तोवर बोट जोडता येईल. तुटलेलं जोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पडून मधोमध तडकलेल्या कवळ्या त्याने अशा सांधून दिल्या होत्या की डॉक्टरांनाही सांधा सापडत नसे. त्याने तुकडे जवळ ओढले. एक टोक दुसऱ्याला लावून पाहिलं. बसलं. चिकटवायचं काढलं, टाचणीच्या टोकाने लावलं, दाबून धरलं आणि मनातल्या मनात आकडे म्हणू लागला, मुलगी लहान असताना तिला धरायला सांगून तो म्हणत असे तसे.

मोबाईल वाजला. मुलीचा निरोप होता, आणि आज तो आईच्या फोनवर नव्हता, त्याच्याच फोनवर होता. एक फोटो. हिरवं कापड, त्यावर ओळीने तुकडे, आणि कोपऱ्यात, त्याच्या लक्षातही न आलेला, तो प्लास्टरचा छोटा जबडा, आडव्या दाताचा. म्हाताऱ्यानेच पाठवला असणार तिला तो; त्याला नसेल कळलं कोणाचं टेबल ते. तिला कळायला काय लागतं? फोटोखाली तिने लिहिलं होतं, ‘कडा मऊ होत्या का, बाबा?’

त्याने उत्तर लिहिलं, खोडलं, लिहिलं. मला माहीत नव्हतं, हे खरं होतं आणि ते लिहिण्यासारखं नव्हतं. मी तुझ्या भल्यासाठी, हेही खरं होतं, आणि ते तिने याआधी फार वेळा ऐकलं होतं. बोटीचे दोन तुकडे एका हाताच्या चिमटीत होते, ते सोडले तर सांधा सरकला असता, आणि एका अंगठ्याने त्याला नीट लिहिता येईना. दुसऱ्या बाजूला ती अजून आहे की गेली, हे बघत तो नुसता बसून राहिला.

बराच वेळ गेल्यावर बायको आली. हातात तिचा फोन होता. “निरोप आलाय तिचा,” ती म्हणाली आणि चष्मा न लावता लांब धरून वाचू लागली, “‘आई, रजा मंजूर झाली नाही. कामाची फार गडबड आहे. पुढच्या वर्षी बघू. तू काळजी घे.’” तिने फोन खाली घेतला. त्याच्या एका शब्दाची वाट पाहत ती थांबली. हा निरोपही नकली होता, आणि ते ओळखायला भिंग लागत नव्हतं. सांध्यावरची चिमूट त्याने सैल केली, तुकडा हलला नाही. धुरांडं घेतलं. तेही बसलं. तांडेल सुकाणूच्या खोलीतच राहिला होता, हातातला कप शाबूत, मुठीपासून सुटा दिसण्याइतका शाबूत. इतक्या वर्षांत पाहिलेल्या कुठल्याच नकलेत तो तसा नव्हता. हे सकाळी दिसायला हवं होतं. त्याने फक्त कडा पाहिल्या होत्या.

मागच्या खोलीतून बायको गाद्यांवरच्या धुतलेल्या चादरी घेऊन आली आणि कपाटात घड्या करून ठेवू लागली. ठेवता ठेवता तिने टेबलाकडे पाहिलं.

“जुळतंय?”

“जुळतंय,” तो म्हणाला. “असं जुळवतो की मोडलं होतं हे कळणारसुद्धा नाही.”

“कोणाला?” तिने विचारलं, आणि या वेळी ती निघून गेली नाही.